गुस्टाव टामान

गुस्टाव हाइनरिश योहान अपोलोन टामान (जन्म : याम्बुर्ग, रशियन साम्राज्य, २८ मे, १८६१, मृत्यू : ग्यॉटिंगेन, जर्मनी, १७ डिसेंबर, १९३८) हे बाल्टिक-जर्मन भौतिक रसायनशास्त्रज्ञ होते. द्रवाचे स्फटिक कसे होतात आणि काही द्रव स्फटिक न होता काच होऊन का गोठतात, या प्रश्नाचा प्रयोगांवर आधारलेला पद्धतशीर अभ्यास प्रथम त्यांनी केला. मिश्रधातूंच्या शास्त्राचे ते एक संस्थापक मानले जातात. काचेच्या शास्त्रातही त्यांचे स्थान तेवढेच मोठे असले तरी त्याची माहिती तुलनेने कमी लोकांना आहे. विद्युत् घटांमध्ये वापरण्यासाठी आज ज्या आयनवाहक काचा तयार केल्या जातात, त्यांच्या स्फटिकीभवनाचा विचार टामान यांनी १८९८ मध्ये मांडलेल्या दोन वक्रांच्या आधारेच केला जातो.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

टामान यांचा जन्म सेंट पीटर्सबर्गजवळील याम्बुर्ग (आजचे किंगिसेप) या गावी झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते व वडिलांचे घराणे मूळचे एस्टोनियन होते. घरातील व शिक्षणाची भाषा मात्र जर्मन होती. त्या काळी रशियाच्या बाल्टिक प्रांतांत शिकलेल्या वर्गाची भाषा जर्मनच असे. शालेय शिक्षणानंतर त्यांनी दोर्पात (आजचे एस्टोनियातील टार्टू) येथील विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथे कार्ल श्मिट हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे भौतिक रसायनशास्त्राचे अध्वर्यू ठरलेले विल्हेल्म ओस्टवाल्ड हेही याच विद्यापीठात घडले. बाल्टिक प्रांतातील या लहानशा गावाने अल्पावधीत रसायनशास्त्राला दोन मोठी माणसे दिली, ही गोष्ट त्या विद्यापीठाच्या दर्जाची साक्ष देते.

टामान यांचे सुरुवातीचे काम विद्रावांच्या बाष्पदाबावर होते. पाण्यात निरनिराळी लवणे विरघळवून बाष्पदाब किती उतरतो याची त्यांनी मोठ्या प्रमाणावर मोजमापे केली. व्हान्ट हॉफ व अऱ्हेनियस यांचे विद्रावांविषयीचे सिद्धांत त्याच सुमारास पुढे येत होते व त्यांची पारख करण्यासाठी अशा आकड्यांची नितांत गरज होती. मेटाफॉस्फेट या लवणांच्या वर्गावरही टामान यांनी या काळात काम केले. ही लवणे वितळवून झपाट्याने थंड केली की काच होतात. त्यांच्या पुढील आयुष्याचा विषय अशा रीतीने अगदी आरंभीच त्यांच्या हाती आला होता, पण त्याकडे ते वळले ते बऱ्याच वर्षांनी. वॉल्टर नर्न्स्ट यांच्यासह लिहिलेला त्यांचा एक निबंध १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्रावातून धातूंच्या योगे हायड्रोजन कोणत्या कमाल दाबापर्यंत मुक्त होऊ शकतो, हा त्याचा विषय होता.

दोर्पातमधील काळ

१८९० च्या दशकात टामान दोर्पात येथे प्राध्यापक झाले व श्मिट यांच्यानंतर तेथील रसायनशास्त्राची धुरा त्यांच्याकडे आली. हा काळ विद्यापीठासाठी कठीण होता. रशियन शासनाने बाल्टिक प्रांतांचे रशियनीकरण सुरू केले होते. १८९३ मध्ये गावाचे नाव बदलून युर्येव्ह करण्यात आले, अध्यापनाची भाषा जर्मनऐवजी रशियन झाली आणि अनेक जर्मन प्राध्यापक निघून गेले. टामान मात्र १९०३ पर्यंत तेथेच राहिले, आणि त्यांचे सर्वांत मूलगामी संशोधन याच वर्षांतले आहे.

विद्रावांच्या अभ्यासातून त्यांनी एक कल्पना मांडली होती. पाण्यात एखादा पदार्थ विरघळला की ते पाणी जणू अधिक बाह्य दाबाखाली असल्यासारखे वागते, अशी ती कल्पना होती. ती तपासण्यासाठी त्यांना पदार्थ प्रत्यक्ष मोठ्या दाबाखाली ठेवून पाहावे लागले. त्यासाठी जमवलेली उपकरणे नंतर भलत्याच कामी आली. दाब वाढवला असता वितळबिंदू कसा बदलतो, याची मोजमापे टामान यांनी अनेक पदार्थांवर केली. १९०० साली त्यांना आढळले की सुमारे दोन हजार वातावरणांहून अधिक दाबाखाली नेहमीचे बर्फ टिकत नाही व त्याचे निराळ्या स्फटिकरचनेच्या बर्फांत रूपांतर होते. या दोन प्रकारांना आज बर्फ-२ व बर्फ-३ असे म्हणतात. साधे बर्फ पाण्यावर तरंगते, पण हे प्रकार पाण्याहून जड असतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांनी पुढे हे काम कितीतरी अधिक दाबापर्यंत नेले.

याच अभ्यासातून टामान एका मूलभूत निष्कर्षापर्यंत आले. द्रव आणि वायू यांच्यातील सीमारेषा क्रांतिक बिंदूपाशी संपते व तेथून पुढे दोन्ही अवस्था एकच होतात. द्रव आणि स्फटिक यांच्या बाबतीतही तसेच घडत असावे, असे त्या काळी अनेकांना वाटत असे. टामान यांनी हे मत नाकारले. स्फटिकात अणूंची नियमबद्ध मांडणी असते आणि द्रवात ती नसते. ही मांडणी एकतर असते किंवा नसते, म्हणून एका अवस्थेतून दुसरीत अलगद सरकत जाणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा क्ष-किरणांचा शोध नुकताच लागला होता आणि त्यांच्या साहाय्याने स्फटिकाची अंतर्रचना पाहणे १९१२ नंतरच शक्य झाले. हे लक्षात घेता हा निष्कर्ष विशेष धाडसाचा म्हणावा लागेल.

स्फटिकीभवनाचा अभ्यास

वितळलेला पदार्थ वितळबिंदूच्या खाली नेला तरी तो लगेच गोठतोच असे नाही. अशा द्रवाला अतिशीत द्रव म्हणतात. ही गोष्ट अठराव्या शतकापासून ज्ञात होती. काच दीर्घकाळ तापत ठेवली तर ती अपारदर्शक व चिनी मातीसारखी होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी त्याच शतकात दाखवले होते. काचकारागिरांच्या लेखी हा दोष होता व तो टाळण्याचे त्यांचे परंपरागत ठोकताळे होते. परंतु कोणता द्रव स्फटिक होईल, केव्हा होईल व किती वेगाने होईल, याचे शास्त्र अस्तित्वात नव्हते.

टामान यांनी काम सुरू केले ते खिडकीच्या काचेवर नव्हे, तर सॅलॉल, बेंझोफिनोन, बेटॉल, पायपरिन यांसारख्या सेंद्रिय पदार्थांवर. ही निवड फार शहाणपणाची होती. सिलिकेट काचेसाठी हजार अंशांच्या आसपासची भट्टी लागते. याउलट सॅलॉल ४२ अंश सेल्सिअसला वितळते. जे घडायचे ते कोमट पाण्याच्या भांड्यात, पारदर्शक नळीत, डोळ्यांसमोर घडते. पदार्थ स्वस्त होते व प्रयोग शेकडो वेळा करता येत होता. एका पदार्थात जे दिसते ते सर्व द्रवांना लागू असावे, हा विश्वास मात्र टामान यांचा स्वतःचा होता, आणि तो बऱ्याच अंशी खरा ठरला.

पहिला प्रश्न स्फटिकाच्या वाढीचा होता. अरुंद काचनळीत अतिशीत द्रव भरून एका टोकाला स्फटिकाचा कण सोडला की गोठण्याची सीमा नळीतून पुढे सरकू लागते. ठराविक अंतर कापण्यास तिला किती वेळ लागतो हे मोजले की वाढीचा वेग मिळतो. फ्रीडलेंडर यांच्यासह १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात टामान यांनी अशी मोजमापे मांडली. द्रव जसजसा अधिक थंड करावा तसतसा वेग आधी वाढतो, मग काही अंशांच्या टप्प्यात जवळपास स्थिर राहतो आणि त्यानंतर घटू लागतो. मधला स्थिर टप्पा गोंधळात टाकणारा होता. त्याचे स्पष्टीकरण असे की गोठताना सुटणाऱ्या उष्णतेने सीमेवरील तापमान वर चढते. नळीभोवतीचे पाणी कितीही थंड असले तरी प्रत्यक्ष वाढ होते ती त्याहून उष्ण जागी. फार खालच्या तापमानाला मात्र द्रव इतका घट्ट होतो की रेणूंना स्फटिकावर आपापल्या जागी जाऊन बसणे जमेनासे होते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. बाहेरून स्फटिकाचा कण सोडला नाही तर पहिला स्फटिक कोठून येतो? द्रवात आपोआप निर्माण होणाऱ्या या सूक्ष्म आरंभबिंदूंना टामान यांनी केंद्रे मानले. ती डोळ्यांना दिसत नाहीत, मग मोजायची कशी, ही खरी अडचण होती. टामान यांनी काढलेली युक्ती छायाचित्र विकसित करण्याच्या कृतीसारखी आहे. पदार्थ वितळवून तो खालच्या एका तापमानाला ठराविक मिनिटे ठेवायचा. त्या अवधीत केंद्रे तयार होतात, पण वाढत नाहीत. नंतर तो चटकन वरच्या अशा तापमानाला न्यायचा की तेथे नवी केंद्रे जवळपास निर्माण होत नाहीत, परंतु असलेली झपाट्याने वाढतात. थोड्याच वेळात नळीत पांढरे ठिपके दिसू लागतात. एक ठिपका म्हणजे एक केंद्र, म्हणून ठिपके मोजले की पहिल्या तापमानाला किती केंद्रे जन्मली ते कळते. तापमान बदलत हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला की केंद्रनिर्मितीचा वक्र मिळतो. त्यांचा यावरील निबंध १८९८ मध्ये भौतिक रसायनशास्त्राच्या जर्मन नियतकालिकात आला.

दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढले असता टामान यांना जे दिसले ते या सगळ्या कामाचे सार आहे. वाढीच्या वेगाचा कळस वरच्या तापमानाला येतो, केंद्रनिर्मितीचा कळस त्याच्या बराच खाली. दोन्ही प्रक्रिया एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. द्रव सावकाश थंड केला तर तो आधी जलद वाढीच्या पट्ट्यातून जातो, पण तेव्हा वाढायला केंद्रेच नसतात. नंतर केंद्रांच्या पट्ट्यात शिरतो, तेव्हा वाढण्याची ताकद उरलेली नसते. दोन्ही पट्टे एकमेकांपासून दूर असतील किंवा द्रव त्यांतून पुरेशा वेगाने खाली नेला तर स्फटिक न बनता तो गोठतो. त्यालाच आपण काच म्हणतो. अशा रीतीने काच हा पदार्थाचा विशिष्ट प्रकार राहिला नाही, तर ती प्रत्येक द्रवाला खुली असलेली एक वाट ठरली. फक्त थंड करण्याचा वेग पुरेसा हवा.

या निष्कर्षाची व्याप्ती टामान यांच्या हयातीत पुरती तपासता आली नाही. त्यांच्या निधनानंतर १९६० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पोल डुवे व सहकाऱ्यांनी वितळलेल्या सोने व सिलिकॉनच्या मिश्रणाचे थेंब सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने थंड करून धातूची काच तयार केली, आणि ही वाट धातूंनाही खुली असल्याचे सिद्ध झाले.

या काळातील सर्व काम टामान यांनी १९०३ मध्ये 'क्रिस्टालिझीरेन उंड श्मेल्त्सेन' (स्फटिकीभवन व वितळणे) या ग्रंथात एकत्र केले.

ग्यॉटिंगेन व मिश्रधातूंचा अभ्यास

१९०३ मध्ये ग्यॉटिंगेन विद्यापीठाने टामान यांना पाचारण केले व तेथे त्यांच्यासाठी अकार्बनी रसायनशास्त्राची संस्था स्थापन झाली. जर्मनीतील या विषयाची ती पहिली संस्था मानली जाते. नर्न्स्ट १९०५ मध्ये बर्लिनला गेले. त्यानंतर काही वर्षांतच ग्यॉटिंगेनच्या भौतिक रसायनशास्त्र संस्थेचे संचालकपद टामान यांच्याकडे आले, तर अकार्बनी रसायनशास्त्राची संस्था रिचर्ड झिग्मोंडी यांच्याकडे गेली. १९३० मध्ये निवृत्त होईपर्यंत टामान त्या पदावर होते.

ग्यॉटिंगेनमध्ये त्यांनी धातूंच्या जोड्यांचा अभ्यास हाती घेतला. दोन धातू निरनिराळ्या प्रमाणांत वितळवायचे, थंड होताना तापमान काळानुसार कसे उतरते त्याची नोंद करायची, आणि उतरण जेथे थबकते ती तापमाने व थबकण्याचा अवधी यांवरून मिश्रधातूचा प्रावस्था-आलेख उभा करायचा, अशी ही पद्धत होती. यूटेक्टिक तापमानाला होणाऱ्या विरामाचा अवधी मिश्रणाच्या प्रमाणाशी जोडणारी त्रिकोणी रचना आजही टामान त्रिकोण म्हणून ओळखली जाते. उच्च तापमानासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत वापरली जाणारी कार्बनच्या नळीची विद्युत् भट्टीही त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली. काम विद्यार्थ्यांमध्ये वाटून दिलेले असे. कोणाला कोणती जोडी द्यायची हे टामान ठरवत. थोड्याच वर्षांत अशा कितीतरी जोड्यांचे आलेख तयार झाले. धातू एकमेकांशी जी संयुगे करतात ती रसायनशास्त्रातील नेहमीचे संयुजेचे नियम पाळत नाहीत, हे या कामातून ठळकपणे पुढे आले. घाईने उरकलेल्या काही आलेखांत नंतर दुरुस्त्या कराव्या लागल्या, हेही खरे. परंतु पोलादापासून पितळेपर्यंतच्या उद्योगांना तोवर जे अंदाजाने चालवावे लागत होते, त्याला या आलेखांनी पाया मिळवून दिला.

जपानी भौतिकशास्त्रज्ञ कोतारो होंडा यांनी ग्यॉटिंगेनमध्ये टामान यांच्याकडे काम केले आणि मायदेशी परतल्यावर १९१७ मध्ये केएस चुंबकी पोलाद शोधले. पुढे नावाजलेले धातुवैज्ञानिक गेओर्ग मासिंग हे टामान यांचेच विद्यार्थी.

घनपदार्थांतील आयनांची हालचाल

घनपदार्थात काहीच हलत नाही, हा समज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डळमळू लागला होता. एमिल वारबुर्ग यांनी १८८४ मध्ये तापवलेल्या काचेतून विद्युत् प्रवाह सोडून दाखवले की तो प्रवाह सोडियमचे आयन वाहून नेतात. नर्न्स्ट यांच्या दिव्यात झिर्कोनियाची कांडी आयनांच्या वहनाने प्रकाशत असे. १९१४ मध्ये टुबांट व लोरेन्झ यांनी १४७ अंश सेल्सिअसच्या वर घन सिल्व्हर आयोडाइड वितळलेल्या लवणाइतकेच सहज विद्युत् वहन करते असे दाखवले.

टामान या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने आले. धातूच्या चकचकीत पृष्ठभागावर आयोडीनची वाफ सोडली की त्यावर पातळ थर चढतो व त्याचे रंग साबणाच्या फुग्यासारखे पालटत जातात. रंगावरून थराची जाडी कळते, म्हणून जाडी काळानुसार कशी वाढते हे रंग पाहून मोजता येते. १९२० मध्ये टामान यांनी दाखवले की जाडीचा वर्ग काळाच्या प्रमाणात वाढतो. थर जितका जाड, तितका तो पुढे सावकाश वाढतो, कारण नवा थर बनण्यासाठी द्रव्याला आधीच्या थरातून वाट काढावी लागते. धातूंच्या गंजण्याच्या अभ्यासात हा नियम मूलभूत ठरला. १९३३ मध्ये कार्ल वाग्नर यांनी थरातील आयन व इलेक्ट्रॉन यांच्या विसरणाच्या आधारे त्याची सैद्धांतिक मांडणी केली.

दोन घन चूर्णे एकत्र तापवली असता ती न वितळताच एकमेकांशी अभिक्रिया करू लागतात, याचाही अभ्यास टामान यांनी केला. स्फटिकातील कण आपापल्या जागा सोडण्याइतके चंचल होतात ते तापमान आज टामान तापमान म्हणून ओळखले जाते. केवळ अंदाजासाठी ते निरपेक्ष मापनातील वितळबिंदूच्या निम्मे धरतात. उत्प्रेरकांचे कण कोणत्या तापमानाला एकमेकांस चिकटू लागतील हे ठरवताना रासायनिक उद्योगात ते अजूनही वापरले जाते.

काचावस्था

आयुष्याच्या उत्तरार्धात टामान पुन्हा काचेकडे वळले. काच कोणत्या तापमानाला ठिसूळ होते, कोणत्या तापमानाला तिचे धागे ओढता येतात, आणि या दोहोंच्या दरम्यान तिचे घनफळ, उष्णताधारकता व वक्रीभवनांक कसे पालटतात, याची मोजमापे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. स्फटिक एका निश्चित तापमानाला वितळतो. काच मात्र एका पट्ट्यातून जात मऊ होते. या पट्ट्याला टामान यांच्या विचारात मध्यवर्ती स्थान होते.

१९२६ मध्ये त्यांनी हेसे यांच्यासह अतिशीत द्रवांच्या श्यानतेवर निबंध लिहिला. तापमान उतरते तशी श्यानता नुसती वाढत नाही, तर वाढीचा वेगही वाढत जातो आणि नेहमीचे घातांकी सूत्र अपुरे पडते. त्यांनी वापरलेल्या सूत्रात तापमानाऐवजी तापमान आणि एक स्थिरांक यांतील फरक येतो. त्या स्थिर तापमानाकडे जाताना द्रवाची श्यानता अमर्याद वाढत जाते, असे ते सूत्र सांगते. हेच सूत्र फोगेल यांनी १९२१ मध्ये व फुल्चर यांनी १९२५ मध्ये स्वतंत्रपणे मांडले होते, म्हणून ते फोगेल-फुल्चर-टामान समीकरण या नावाने ओळखले जाते. १९३३ मध्ये टामान यांचा 'डेर ग्लासत्सुश्टांट' (काचावस्था) हा ग्रंथ लाइपझिगहून प्रसिद्ध झाला. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते.

मर्यादा व मतभेद

टामान हे मोजमापांचे माणूस होते. गणिती सिद्धांतांकडे त्यांचा कल नव्हता. केंद्रे का निर्माण होतात व वक्राला कळस का येतो, याचे ऊष्मागतिकीय उत्तर १९२६ मध्ये फोल्मर व वेबर यांनी, आणि पुढे १९३५ मध्ये बेकर व ड्यूरिंग यांनी दिले. सूक्ष्म केंद्राला पृष्ठभागाची ऊर्जा खर्च करावी लागते, म्हणून ठराविक आकाराहून लहान केंद्रे विरून जातात, हा त्याचा गाभा आहे. टामान यांनी मोजलेली केंद्रे खरोखर द्रवात आपोआप जन्मलेली होती का, यावरही नंतर शंका घेण्यात आल्या. धूलिकण, नळीची भिंत व पदार्थ आधी किती तापवला होता, या सर्वांचा केंद्रांच्या संख्येवर परिणाम होतो आणि तो टामान यांच्या स्वतःच्या प्रयोगांतही दिसत होता. आकडे बदलले तरी दोन वक्रांचे चित्र मात्र टिकून राहिले.

सर्वच कल्पनांना असे भाग्य लाभले नाही. सोन्याच्या मिश्रधातूवर आम्लाचा परिणाम व्हायचा थांबतो तो सोन्याचे प्रमाण एक-अष्टमांशाच्या एखाद्या पटीइतके झाल्यावर, असा नियम त्यांनी अणूंच्या नियमित मांडणीवरून काढला होता. काही मिश्रधातूंमध्ये तो जुळतो. सर्वसाधारण नियम म्हणून तो टिकला नाही.

अखेरची वर्षे

१९३० मध्ये निवृत्तीनंतर संस्थेची सूत्रे आर्नोल्ड ऑइकेन यांच्याकडे गेली. टामान यांनी प्रयोगशाळा सोडली नाही व ते अखेरपर्यंत संशोधन प्रसिद्ध करत राहिले. त्यांच्या निबंधांची संख्या सुमारे पाचशे आहे. 'लेअरबुख डेर मेटालोग्राफी' (१९१४) हे धातूंच्या रचनेवरील पाठ्यपुस्तक व 'आग्रेगाटत्सुश्टेंड' (द्रव्याच्या अवस्था, १९२२) ही त्यांची इतर महत्त्वाची पुस्तके होत. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही. त्यांचे निधन ग्यॉटिंगेन येथे झाले.

आयनवाहक काचा व टामान यांचे वक्र

टामान यांच्या प्रयोगाचा औद्योगिक उपयोग प्रथम काच-सिरॅमिकमध्ये झाला. १९५० च्या दशकात कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांच्या भट्टीचे तापमान ठरवल्यापेक्षा बरेच वर, सुमारे ९०० अंशांपर्यंत, गेले आणि आतली लिथियम सिलिकेट काच वितळण्याऐवजी पांढऱ्या, अतिशय चिवट सिरॅमिकमध्ये बदलली. त्यातून निघालेल्या उत्पादनपद्धतीत काच आधी खालच्या तापमानाला केंद्रांसाठी ठेवतात व मग वरच्या तापमानाला वाढीसाठी नेतात. बेटॉलच्या नळीतील ठिपके मोजण्याची जी युक्ती होती, तीच येथे कारखान्याची कृती झाली.

विद्युत् घटांसाठी आयनवाहक काचांचा शोध १९७० च्या दशकापासून जोमाने सुरू झाला. काचेत अणूंची मांडणी विस्कळीत व सैल असते, म्हणून लिथियम, सोडियम किंवा चांदीचे आयन तिच्यातून सरकू शकतात. सामान्य ऑक्साइड काचेत एक विशेष गोष्ट आढळते. काच गोठल्यावर सिलिकेटचे जाळे स्थिर होते, पण सोडियमचे आयन त्या गोठलेल्या जाळ्यातून हालचाल करतच राहतात. म्हणून गोठण-तापमानाखाली वाहकता साध्या घातांकी नियमाने बदलते. वितळलेल्या अवस्थेत, तसेच लिथियम लवण घातलेल्या बहुवारिकांत, तिला फोगेल-फुल्चर-टामान समीकरण लागते. श्यानतेसाठी मांडलेले सूत्र अशा प्रकारे वाहकतेच्या अभ्यासातही रुजले.

अशा काचेचे स्फटिकीभवन होऊ द्यायचे की टाळायचे, हा या क्षेत्रातील कळीचा प्रश्न आहे. अनेक काचांच्या बाबतीत स्फटिक म्हणजे नुकसान असते, कारण आयनांना मोकळी असलेली वाट बंद होते व स्फटिककणांच्या सीमांवर रोध वाढतो. काहींच्या बाबतीत मात्र उलट घडते. लिथियम सल्फाइड व फॉस्फरस पेंटासल्फाइड यांची ७०:३० मोल प्रमाणातील काच योग्य तापमानाला तापवली की तिच्यातून असा स्फटिक उपजतो की त्याची वाहकता मूळ काचेहून कितीतरी अधिक, प्रति सेंटिमीटर एक मिलीसीमेन्सच्या वर असते. हा स्फटिक इतर मार्गांनी मिळवणे कठीण आहे. काच ही त्याची जननी होय. तापमान आणखी चढवले तर तो मोडतो व त्याजागी कमी वाहक स्फटिक येतो. लिथियम, ॲल्युमिनियम व टायटॅनियम यांच्या फॉस्फेट काचांपासूनही १९९० च्या दशकात याच धर्तीवर अशा वाहकतेचे काच-सिरॅमिक बनवण्यात आले. केंद्रे विपुल असतील तर बारीक व दाट स्फटिक मिळतात. केंद्रे थोडी असून वाढ अधिक झाली तर मोठे स्फटिक, भेगा व पोकळ्या येतात. म्हणून कोणत्या तापमानाला किती वेळ ठेवायचे हे ठरवण्यासाठी प्रत्येक नव्या काचेचे दोन्ही वक्र जाणून घ्यावे लागतात. भारतातही लिथियमयुक्त आयनवाहक काचांवर संशोधन झाले असून त्यात नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचा वाटा आहे.

सन्मान व कुटुंब

लंडनच्या केमिकल सोसायटीने टामान यांच्या स्मरणार्थ व्याख्यान आयोजित केले व ते १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मनीतील धातू व पदार्थविज्ञानाच्या संस्थेतर्फे त्यांच्या नावाचे स्मृतिपदक देण्यात येते. विश्वाच्या प्रसरणाचा वेग दर्शविणाऱ्या हबल स्थिरांकाच्या मापनासाठी प्रसिद्ध असलेले स्विस खगोलशास्त्रज्ञ गुस्टाव आंद्रेआस टामान (१९३२–२०१९) हे त्यांचे नातू होत. त्यांचा जन्मही ग्यॉटिंगेनचाच.